स्पायरोमीटर बनवायला घेताय? नाशिकच्या नवशिक्यांसाठी सुरुवातीपासून

श्वासाच्या तपासणीचं यंत्र बनवायला घेणारा नवखा माणूस बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागतो. जोरात फुंकर मारली, स्क्रीनवर उंच टोक आलं, की यंत्र जमलं असं त्याला वाटतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. छातीच्या ओपीडीत तंत्रज्ञ पेशंटला काय सांगतात ते एकदा ऐका: "आजी, जोरात फुंका... सोडा, सोडा, अजून सोडा, अजून, अजून, थांबू नका!" हे 'अजून, अजून' कधी कधी दहा-बारा सेकंद चालतं. शेवटच्या सेकंदांत नळीतून जाणारी हवा तळहाताला जाणवतही नाही. पण ती मोजली गेली नाही तर तपासणीचा निष्कर्षच फिरतो.

इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून हा विषय घेणाऱ्यांसाठी आणि सातपूर-अंबडमध्ये यंत्रकाम करता करता वैद्यकीय उपकरणांकडे वळू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. थोडं सोल्डरिंग, थोडं प्रोग्रॅमिंग आणि लेथवर काम करणारा एक चांगला माणूस ओळखीचा असेल, तर सुरुवात करता येते.

पहिली पायरी: तपासणी समजून घ्या

१८४६ साली जॉन हटचिन्सन या इंग्लिश डॉक्टराने पाण्यात उलटी ठेवलेली घंटा वापरून दोन हजारांहून अधिक माणसांच्या फुप्फुसांची क्षमता मोजली. माणूस नळीतून श्वास सोडायचा, घंटा वर उचलली जायची, आणि किती उचलली गेली त्यावरून हवेचं आकारमान कळायचं. आजची बहुतेक यंत्रं आकारमान थेट मोजत नाहीत. ती प्रवाह मोजतात, म्हणजे दर सेकंदाला किती लिटर हवा जाते ते, आणि त्याची बेरीज करत आकारमान काढतात. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी डोकेदुखी यातूनच येते.

डॉक्टरांना मुख्यतः दोन आकडे हवे असतात. पूर्ण छाती भरून जोरात आणि शेवटपर्यंत सोडलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. त्यातली पहिल्या एका सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही-वन. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की जे गुणोत्तर येतं त्यावरून श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत का ते कळतं. इनहेलर देऊन नंतर केलेल्या चाचणीत हे गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल तर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन आजाराचा, विचार होतो.

आता एक उदाहरण घ्या. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बाईंचं एफईव्ही-वन १.४ लिटर आणि खरं एफव्हीसी २.३ लिटर आहे. गुणोत्तर ०.६१, म्हणजे अडथळा स्पष्ट आहे. यंत्राने शेवटची ०.३२ लिटर हवा मोजलीच नाही, तर एफव्हीसी १.९८ दिसेल आणि गुणोत्तर ०.७१ होईल. अहवालावर अडथळा नाही असं छापून येईल आणि बाई औषधाविना घरी जातील. त्यांनी फुंकर पूर्ण मारली होती, कमी पडलं ते यंत्र. सीओपीडी बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो असं नाही. चुलीचा धूर, फाउंड्रीतली धूळ, कामाच्या जागची वाफ यांनीही तो होतो, आणि आपल्या जिल्ह्यात अशी माणसं घरोघरी आहेत.

दुसरी पायरी: आकड्यांची चौकट भिंतीवर लावा

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी मिळून स्पायरोमेट्रीची प्रमाणपद्धती ठरवली आहे. २००५ ची आवृत्ती होती, ती २०१९ मध्ये सुधारली. यंत्रासाठी आयएसओ २६७८२ हे वेगळं मानक आहे. त्यातले कामाचे आकडे असे: प्रवाह दोन्ही दिशांना सेकंदाला १४ लिटरपर्यंत मोजता यावा. आकारमान ८ लिटरपर्यंत. नेमकी तीन लिटर हवा ढकलणाऱ्या मोठ्या सिरिंजने तपासल्यावर उत्तर ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे २.९१ ते ३.०९ लिटरच्या दरम्यान यावं. फुंकणाऱ्याला यंत्राचा अडथळा जाणवता कामा नये, म्हणून १४ लिटरच्या प्रवाहालाही रोध सेकंदाला लिटरमागे पाण्याच्या १.५ सेंटीमीटरपेक्षा कमी हवा. गुणाकार करा: २१ सेंटीमीटर पाणी, म्हणजे साधारण २ किलोपास्कल. नळी, जाळी, फिल्टर, माउथपीस या सगळ्यांनी मिळून एवढ्यातच भागवायचं.

आणि मुख्य अट श्वासाच्या शेवटाबद्दलची आहे. शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा बाहेर पडली, किंवा फुंकर १५ सेकंद चालली, की श्वास पूर्ण झाला असं मानतात. म्हणजे तुमच्या यंत्राला सेकंदाला १४ लिटरही दिसायला हवेत आणि सेकंदाला ०.०२५ लिटरही. एकाच नळीत, एकाच सेन्सरने, साडेपाचशे पटींचा पल्ला.

तिसरी पायरी: मोजायचं तत्त्व निवडा

चार-पाच मार्ग आहेत. टर्बाइनमध्ये हलकं पातं फिरतं आणि त्याच्या फेऱ्या इन्फ्रारेड किरणाने मोजतात. स्वच्छ करायला सोपं, पण पात्याला जडत्व असतं. मंद हवेला ते हलत नाही आणि हवा थांबली तरी थोडा वेळ फिरत राहतं. तापलेल्या तारेवरून हवा गेली की तार थंड होते, त्यावरूनही प्रवाह काढतात. एकट्या तारेला हवेची दिशा मात्र कळत नाही, आणि तार नाजूक असते. अल्ट्रासॉनिक पद्धतीत ध्वनी हवेसोबत जायला किती वेळ लागतो आणि हवेविरुद्ध किती, यातला फरक पाहतात. या दोन वेळांच्या व्यस्तांची वजाबाकी केली की ध्वनीचा वेग समीकरणातून निघून जातो, त्यामुळे तापमान आणि दमटपणाचा त्रास फारच कमी होतो. मला हे तत्त्व सगळ्यांत देखणं वाटतं. पण मंद प्रवाहाला तो फरक काही दहा नॅनोसेकंदांचाच असतो. पहिलंच यंत्र करणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

सुरुवातीला दाबातल्या फरकावर चालणारं यंत्र घ्या. नळीत अडथळा ठेवायचा, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजायचा. अडथळ्याचे दोन प्रकार आहेत आणि यातली निवड सगळ्यांत महत्त्वाची. एक म्हणजे साधं भोक असलेली चकती किंवा व्हेंचुरी, म्हणजे मधे अरुंद होणारी नळी. दुसरा म्हणजे बारीक जाळी किंवा बारीक नळ्यांचा जुडगा. जुडग्याची कल्पना आल्फ्रेड फ्लाइश यांनी १९२५ मध्ये मांडली, जाळीच्या प्रकाराला लिली यांच्या नावाने ओळखतात.

थ्रीडी प्रिंटरवर व्हेंचुरी एका दुपारी छापून होते, म्हणून बहुतेक मुलं तीच घेतात. पण तिथे दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १४ लिटरला २००० पास्कल दाब येईल अशी व्हेंचुरी केली, तर ०.०२५ लिटरला येणारा दाब ०.०१ पास्कलपेक्षाही कमी असतो. एवढं मोजणारा सेन्सर तुमच्या आवाक्यात नाही. जाळीत दाब प्रवाहाच्या जवळजवळ सरळ प्रमाणात वाढतो. त्याच २००० पास्कलच्या हिशेबाने ०.०२५ लिटरला साडेतीन पास्कल मिळतात. तेवढे मोजता येतात. म्हणून जाळीच घ्या.

चौथी पायरी: सेन्सर आणि त्याची बारीक रेघ

कॉलेजांत सर्रास दिसणारी जोडी म्हणजे एमपीएक्सव्ही ७००२ हा दोन्ही दिशांना २ किलोपास्कल मोजणारा सेन्सर आणि अर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड. कागद-पेन्सिल घेऊन बसा. सेन्सर एका किलोपास्कलला एक व्होल्ट देतो. उनोचा व्होल्टचे आकडे करणारा दहा-बिटचा कन्व्हर्टर पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक भाग जवळपास ५ मिलिव्होल्ट, म्हणजेच ५ पास्कल. आपल्या जाळीला लिटरमागे १४३ पास्कल येतात. तर या यंत्राची सगळ्यांत बारीक रेघ सेकंदाला ३४ मिलिलिटरची झाली. श्वास संपल्याची खूण २५ मिलिलिटरची आहे, ती या रेघेच्याही खाली गेली. शून्य एवढ्याशा एका रेघेने सरकलं आणि फुंकर १५ सेकंद चालली, तर अर्ध्या लिटरची चूक जमा होते. प्रवाहाची बेरीज करून आकारमान काढतो म्हणून हे होतं: छोटी चूक दर क्षणी तीच राहते आणि साठत जाते.

त्याऐवजी एसडीपी ८१० सारखा डिजिटल सेन्सर पाहा. त्याचा ५०० पास्कलचा प्रकार मिळतो. जाळी अशी निवडा की १४ लिटरला ५०० पास्कलच्या आत दाब येईल. मग ०.०२५ लिटरला ०.९ पास्कल मिळतात, आणि शून्याची अचूकता ०.१ पास्कल आहे. १५ सेकंदांत साठणारी चूक ४० मिलिलिटरच्या आसपास. हे चालण्यासारखं आहे. शिवाय २ किलोपास्कलच्या मर्यादेतला बराच भाग फिल्टरसाठी शिल्लक राहतो.

या सेन्सरच्या आतून अगदी थोडी हवा वाहते, त्यावरच तो चालतो. म्हणून त्याला जोडलेल्या सिलिकॉनच्या नळ्या आखूड आणि दोन्ही सारख्या लांबीच्या ठेवा. सेन्सरचं वाचन बरोबर येतंय का ते पाहायला यू आकाराची पारदर्शक नळी आणि रंगीत पाणी पुरतं. एक सेंटीमीटर फरक म्हणजे ९८ पास्कल. महागडं मॅनोमीटर मिळेपर्यंत याच्यावर निर्धास्त काम करा.

पाचवी पायरी: नळी आणि जाळी

३० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला १४ लिटर हवा गेली तर तिचा वेग सेकंदाला २० मीटरच्या घरात जातो. एवढ्या वेगात ती घुसळत जाते आणि जाळीच्या मधोमध जोरात आदळते, कडांना कमी. म्हणून जाळीपाशी नळी रुंद करा, ५० मिलिमीटरपर्यंत, आणि ती हळूहळू रुंदावत न्या. तिथे वेग ७ मीटरवर येतो. मुख्य जाळीच्या दोन्ही बाजूंना, थोड्या अंतरावर, आणखी एकेक जाळी लावली तर प्रवाह सारखा पसरतो आणि थुंकीही अडते.

दाब घ्यायला एकच भोक पाडू नका. नळीच्या भोवती चार भोकं, त्यांना जोडणारी बाहेरून एक गोल खाच, आणि त्या खाचेतून सेन्सरकडे एक नळी. भोकाच्या आतल्या कडेला ड्रिलचा बर, म्हणजे वर आलेली खरखरीत धार, राहिला तर दाबाचं वाचन वाकडं येतं. बोटाने चाचपा, भिंगातून पाहा. सेन्सरकडे जाणाऱ्या नळ्या नेहमी वरच्या बाजूने काढा. श्वासातल्या वाफेचं पाणी होतं, ते खाली उतरतं. खालून काढलेल्या नळीत एक थेंब अडकला की वाचन गोठल्यासारखं होतं आणि माणूस तासन् तास कोडमध्ये दोष शोधत बसतो. जाळीच मंद गरम ठेवली तर पाणी साचत नाही. फ्लाइशच्या प्रकारात ही पद्धत रूढ आहे.

सहावी पायरी: शून्य

हा भाग सावकाश वाचा. नळीत हवा वाहत नसताना सेन्सर जे दाखवतो ते शून्य, आणि ते दर चाचणीआधी नव्याने घ्यायचं असतं. सकाळी एकदा घेऊन दिवसभर चालत नाही, कारण यंत्र तापतं आणि शून्य हळूहळू सरकतं.

शून्य घेताना नळीचं एक टोक तळहाताने बंद करा आणि नळी स्थिर ठेवा. आपल्याकडे प्रत्येक खोलीत डोक्यावर पंखा असतो. उघड्या नळीत त्याची झुळूक शिरते आणि तीच शून्य म्हणून नोंदली जाते. कोडमध्ये साधा पहारा बसवा: एका सेकंदात दोनशे वाचनं घ्या, त्यांची सरासरी काढा आणि ती किती पसरली आहेत तेही पाहा. पसारा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ते शून्य स्वीकारू नका, 'नळी स्थिर धरा' असा संदेश दाखवून पुन्हा घ्या. मर्यादा कशी ठरवायची? बंद खोलीत, पंखा बंद करून, टेबलावर ठेवलेल्या यंत्राचा पसारा मोजा आणि त्याच्या तिप्पट धरा.

सरकणाऱ्या शून्यावर एक पळवाट फार लोकप्रिय आहे. 'प्रवाह ०.०५ च्या खाली गेला की शून्य समज' अशी एक ओळ कोडमध्ये टाकली की स्क्रीनवरची रेघ छान सपाट दिसते. वर सांगितलेल्या बाईंची आठवण ठेवा. शेवटचे आठ सेकंद त्यांची हवा सेकंदाला ४० मिलिलिटरने येत होती. ही ओळ ती सगळी हवा पुसून टाकते. आठ सेकंदांत ०.३२ लिटर. नेमकी तेवढीच, जेवढी गुणोत्तर ०.६१ वरून ०.७१ वर न्यायला लागली. ही ओळ कुणाच्या कोडमध्ये दिसली तर काढायला लावा.

सातवी पायरी: नाशिकची हवा

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ७ टक्के कमी, ९४३ मिलिबारच्या आसपास असतो. हवा तेवढीच विरळ. समजा, मुंबईत जुळवलेली व्हेंचुरी कुणी इथे आणली. तिचं गणित घनतेच्या वर्गमुळावर चालतं, म्हणून ती इथे साडेतीन टक्के कमी दाखवेल. तीन टक्क्यांची मर्यादा घाट चढतानाच संपली. जाळीत मुख्य भूमिका घनतेपेक्षा हवेच्या चिकटपणाची असते, म्हणून उंचीचा फरक कमी पडतो. पण चिकटपणा तापमानाबरोबर वाढतो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ३५ अंशांच्या हवेत तो पाच टक्क्यांनी जास्त असतो. एसडीपी ८१० सुद्धा ९६६ मिलिबार दाबाला जुळवलेला असतो, त्यामुळे नाशिकला त्याच्या वाचनाला अडीच टक्क्यांच्या आसपास दुरुस्ती लागते. बीएमई २८० हा छोटा सेन्सर तापमान, दमटपणा आणि हवेचा दाब तिन्ही देतो. तो यंत्रात बसवाच, आणि दुरुस्त्या कोडला करू द्या.

दुसरी दुरुस्ती शरीराच्या हवेची. फुप्फुसात हवा ३७ अंशांची आणि वाफेने भरलेली असते. बाहेर आल्यावर ती आक्रसते. अहवालात मात्र फुप्फुसातलं आकारमान द्यायचं असतं. हटचिन्सनच्या घंटेसारख्या यंत्रात हवा खोलीइतकी थंड होते. नाशिकचा दाब धरून हिशेब केला तर १५ अंशांच्या खोलीत मोजलेल्या आकारमानाला लावायचा गुणक १.१३ येतो, आणि ३८ अंशांना ०.९९. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या आसपासचं ऊनही सोसतो. एकाच यंत्राला हे दोन्ही सांभाळायचं आहे. २००५ च्या प्रमाणपद्धतीत खोलीचं तापमान १७ ते ४० अंशांत असावं असं म्हटलं होतं. जानेवारीत सकाळी खोली गरम झाल्याशिवाय चाचणी सुरू न करणं हा सोपा मार्ग आहे.

जाळीच्या यंत्रात मात्र सोडलेली हवा जाळीपाशी पोचते तेव्हा बरीच गरमच असते. तिला खोलीच्या तापमानाचा पूर्ण गुणक लावला तर उत्तर फुगतं. जाळीशेजारी बारीक, झटपट प्रतिसाद देणारा थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) लावून तिथलं तापमान मोजा आणि त्यावरून गुणक काढा. आत घेतलेली हवा खोलीचीच असते, तिला खोलीचं तापमान आणि दमटपणा धरून वेगळा गुणक. सोडताना आणि घेताना एकच आकडा वापरू नका.

आठवी पायरी: तीन लिटरची सिरिंज

यंत्र खरं बोलतंय की नाही हे सिरिंज सांगते. तयार सिरिंज महाग असते आणि तिची चूक अर्ध्या टक्क्याच्या, म्हणजे १५ मिलिलिटरच्या आत असावी लागते. शिकण्यापुरती सिरिंज नाशिकमध्ये सहज होते, कारण इथे न्यूमॅटिक सिलिंडरचं काम जाणणारी माणसं आहेत.

१०० मिलिमीटर बोअरची (आतल्या व्यासाची), होन केलेली म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेली ॲल्युमिनियमची नळी घ्या, न्यूमॅटिक सिलिंडरसाठी हा नेहमीचा माप आहे. तिचं क्षेत्रफळ ७८.५४ चौरस सेंटीमीटर. तीन लिटरसाठी पिस्टनची चाल ३८२ मिलिमीटर हवी. बोअरमध्ये ०.१ मिलिमीटरची चूक झाली तर आकारमान ६ मिलिलिटरने चुकतं, चालीत एक मिलिमीटरची चूक म्हणजे जवळपास ८ मिलिलिटर. यावरून मर्यादा किती सोसते ते कळेल. पिस्टनला ओ-रिंग, दोन्ही टोकांना पक्के थांबे, आणि त्यातला एक थांबा आटे फिरवून पुढे-मागे करता येईल असा ठेवा. टर्नर काकांना सांगताना 'मेडिकलचं आहे, बारीक काम पाहिजे' एवढं म्हणून थांबू नका. चालीचा माप आणि त्यात किती सूट चालेल हे ड्रॉइंगवर लिहून द्या.

आता ती खरंच तीन लिटरची आहे का ते पाण्याने तपासा. सिरिंज उभी धरून पाण्याने पूर्ण भरा, बुडबुडा राहू देऊ नका. सगळं पाणी भांड्यात सोडा आणि एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. २५ अंशांच्या पाण्याची घनता ०.९९७ असते, म्हणून वजन २९९१ ग्रॅम यायला हवं. पाच-सहा ग्रॅम इकडे-तिकडे असेल तर थांब्याचा आटा फिरवून जुळवा. नंतर सिरिंज पूर्ण कोरडी करा. तोंड बुचाने बंद करून पिस्टन दाबून धरा. तो हळूहळू आत जात असेल तर हवा गळतेय.

तपासताना तीन वेगांनी ढकला. अर्ध्या सेकंदात झटकन, दोन-तीन सेकंदांत मध्यम, आणि सहा सेकंदांत सावकाश. तिन्ही वेळा २.९१ ते ३.०९ च्या आत आकडा यायला हवा. झटकन ढकलल्यावर बरोबर आणि सावकाश ढकलल्यावर चूक येत असेल तर शून्य बिघडलंय. उलट असेल तर जाळीचं सरळ प्रमाण जोराच्या प्रवाहाला सुटतंय. तिथे प्रवाहाच्या वर्गाची एक छोटी दुरुस्ती लागते. सिरिंजमधली हवा खोलीचीच असते, म्हणून या वेळी शरीराच्या हवेचा गुणक बंद ठेवा. तो चालू राहिला तर २५ अंशांना तीनऐवजी सव्वातीन लिटरच्या जवळ आकडा दिसतो. तसा आकडा दिसला की यंत्र उघडण्याआधी ते बटण तपासा.

फिल्टर लावून चाचणी घेणार असाल तर सिरिंजची तपासणीही फिल्टर लावूनच करा. आपल्याकडे क्षयरोग आहे, त्यामुळे प्रत्येक पेशंटला नवा जिवाणू-विषाणू फिल्टर ही गोष्ट खर्चाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा. फिल्टर वाचवण्यासाठी यंत्र कधीही रचू नका.

नववी पायरी: सॉफ्टवेअर

सेकंदाला किमान १०० वाचनं लागतात. मी सेन्सरकडून जास्त घेऊन सरासरी काढायला सांगेन, पण इतकंही गुळगुळीत करू नका की सुरुवातीचं टोक बोथट होईल. टोक गाठायला निरोगी माणसाला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागतो.

एफईव्ही-वनचा 'पहिला सेकंद' कुठून मोजायचा हा प्रश्न सोपा वाटतो, पण नाही. माणूस आधी थोडा अडखळतो, मग जोर लावतो. पद्धत अशी: प्रवाह सर्वांत जास्त असतो त्या क्षणी आकारमानाच्या आलेखाला स्पर्शरेषा काढा आणि ती मागे नेऊन शून्य आकारमानाला भेटवा. तो क्षण म्हणजे सुरुवात. त्या क्षणाच्या आधी जी हवा निसटली ती एफव्हीसीच्या ५ टक्के किंवा १०० मिलिलिटर, यातलं जे मोठं असेल त्यापेक्षा कमी हवी. जास्त असेल तर सुरुवात अडखळती होती, ती फुंकर बाद.

पेशंटकडून किमान तीन चांगल्या फुंकरा लागतात आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन एकमेकींपासून १५० मिलिलिटरच्या आत हव्यात. आठ प्रयत्नांनंतर साधारणपणे थांबतात, माणूस थकतो. फुंकर चालू असताना तंत्रज्ञाला आलेख दिसायलाच हवा, कारण 'अजून सोडा' कधीपर्यंत म्हणायचं हे त्याला तिथूनच कळतं. स्क्रीनवर शेवटच्या एका सेकंदात किती मिलिलिटर आले तो आकडा मोठा दाखवा. मराठीत सूचना दाखवल्या तर ग्रामीण केंद्रातल्या ताईंना फार सोपं जातं. प्रवाह-आकारमानाचा आलेख काढताना दोन लिटर प्रतिसेकंदाची उंची एका लिटरच्या रुंदीएवढी ठेवा. डॉक्टरांची नजर त्याच आकाराला सरावलेली असते.

वय, उंची, लिंग यांवरून अपेक्षित मूल्य काढणारी समीकरणं अनेक आहेत. कुठलं वापरायचं ते छातीच्या डॉक्टरांना विचारून ठरवा आणि त्याचं नाव अहवालावर छापा.

दहावी पायरी: माणसांवर वापरण्याआधी

स्वतःवर फुंकून पाहताना बसून फुंका. जोरात आणि शेवटपर्यंत हवा सोडली की चक्कर येते. घरच्या दम्याच्या पेशंटवर प्रयोग करू नका, आणि नुकतं ऑपरेशन झालेल्या किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला तर अजिबात फुंकायला लावू नका. पेशंटवर अभ्यास करायचा असेल तर आधी रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिसमितीची परवानगी लागते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. वैद्यकीय आणि इंजिनिअरिंगच्या माणसांनी एका टेबलावर बसायला याहून सोयीचं शहर कुठलं?

विकायचा विचार असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम वाचा. उपकरणांचे ए ते डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याचं प्राधिकरण देतं, सी आणि डीचा केंद्राचं. सोबत गुणवत्तेसाठी आयएसओ १३४८५ आणि विद्युत सुरक्षेसाठी आयईसी ६०६०१ येतात. घरगुती सिरिंज इथे चालणार नाही. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असलेली घ्या.

नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. रोज सकाळी तीन वेगांची सिरिंज तपासणी, तापमान, दाब आणि शून्याचा आकडा लिहा. यंत्र सुरगाणा-पेठकडच्या शिबिराला गाडीतून नेलं तर तिथे पोचल्यावर पुन्हा तपासा. प्रत्येक फुंकरीची कच्ची वाचनं फाइलमध्ये साठवा, नुसतं उत्तर नको. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि जाळीचा क्रमांक अहवालाच्या तळाशी छापा, म्हणजे सहा महिन्यांनी एखादा आकडा शंकास्पद वाटला तर तो नेमका कशाने आला ते शोधता येईल.